कळकांची आवणी

गुप्ते काकूंच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी आमची गिरण पहिल्यांदा ऐकली. चौदा वर्षं मी तिच्यातच राहत होते, आणि आपण ज्यात राहतो ते आपल्याला ऐकू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी नाचणीचं पीठ पोचवायला वर गेले होते. वर म्हणजे पहिल्या मजल्यावर, आमच्या गिरणीमागच्या भाताच्या खाचरात भराव घालून जी नवी सोसायटी उभी राहिली होती तिच्यात. आसनगाव स्टेशन जवळ, शहापूरचा बाजार जवळ, हवा चांगली, असं बघून कल्याण-डोंबिवलीची माणसं तिथे राहायला आली होती. काकूंनी पिठाचा डबा घेतला आणि म्हणाल्या, "जरा थांबतेस? ऐक." मी ऐकलं. फ्रीज घुरघुरत होता, बाहेर एसटी गिअर बदलत होती. "काय ऐकू?" मी विचारलं, आणि काकू एक पाऊल मागे सरकल्या, कारण माझा आवाज तसा आहे. मग त्यांनी सरकती खिडकी लावून घेतली. एसटी बंद झाली, कावळे बंद झाले, आणि काचेतून, भिंतीतून, ओट्याच्या काळ्या दगडातून एक बारीक, ताठ, न संपणारा सूर येऊन माझ्या दातांवर बसला. ईंऽऽऽ. चिंच खाल्ल्यावर दात आंबतात तसे माझे कान आंबले. "हा कसला?" मी विचारलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला ते खरंच माहीत नाही हे त्यांना पटत नव्हतं. "तुमचा," त्या म्हणाल्या. "सकाळी आठ ते रात्री आठ, आणि मग रात्रभर कानात तोच घुमत राहतो. मी भांडत नाहीये, बाळ. मला फक्त झोप हवी आहे."

जिना उतरताना मी प्रत्येक पायरीवर थांबले. सूर प्रत्येक पायरीवर होता. आमच्याकडे पीठ दळायची चक्की आहे आणि भात सडायचं, म्हणजे त्याचं टरफल काढायचं यंत्र आहे, आणि सडलेल्या भाताचा कोंडा उडवायला एक पंखा आहे, मागच्या खिडकीशी. तो गात होता. मी गिरणीच्या दारातून आत गेले आणि सूर नाहीसा झाला. म्हणजे तो होताच, उलट इथे तो सगळ्यात मोठा असणार, पण माझ्या कानांनी तो घेतलाच नाही, जसं आपण स्वतःच्या घरातला वास घेत नाही. आई भाताच्या गोणीचं तोंड सोडत होती. तिच्या भुवया कोंड्याने पिवळ्या झाल्या होत्या. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला वाटलं, मी हिला कधी नीट ऐकलंय का? मी लहान असताना ती मला इथेच, गोणपाटाच्या झोळीत झोपवायची. सगळं धडधडत असताना मी गाढ झोपायची, आणि लाइट गेली, पट्टा थांबला, पंखा थांबला, की दचकून उठून रडायची. हे आईने मला इतक्या वेळा सांगितलंय की मला ते आठवतं असंच वाटतं: अचानक आलेली शांतता, तिचं भोक, आणि त्या भोकाच्या काठाशी मी. माझ्यासाठी शांतता म्हणजे आई नसणं. काकूंसाठी आई असणं म्हणजे झोप नसणं. दोन्ही एकाच पंख्यामुळे. मी गोणीवर बसून हा विचार केला, मग उठून आईच्या हातातलं गोणीचं तोंड धरलं.

दिवाळीच्या आधी राघोभाऊ आले. ते आमच्या वॉर्डातले पंचायतीचे मेंबर, नात्याने बाबांचे लांबचे भाऊ. त्यांच्यासोबत गुप्ते काका, इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. भाताच्या झोडणीचे ऐन दिवस येत होते, गिरणीत भाताच्या गोण्या छताला लागणार होत्या. काका हळू बोलले, आईला काही कळलं नाही. आई म्हणाली, "काय?" काका पुन्हा तसंच हळू बोलले. राघोभाऊंनी मग तोंडाशी हात धरला. "गिरजावैनी, हे म्हणतात का, आवाज बंद कर, नायतर गिरण हालव. सोसायटीवाल्यांनी सह्या केल्यात."

"पंखा बंद करू? मग कोंडा काय तोंडानी फुंकू?"

"नवा पंखा बसव."

"बसवला ना गेल्या साली. शहापूरचा मिस्त्री बोल्ला, पंखा हाय तो गानारच."

"मग भिंत घाल मागं."

"भिंत घातली का कोंडा आत येल, आमी मरू." आईने हे असं सांगितलं की जणू कोणी पाणी मागितलं आणि ती म्हणाली माठ रिकामा आहे. राघोभाऊंनी काकांकडे बघितलं, काकांनी रुमालाकडे. शेवटी ठरलं ते असं: हंगामापुरती मुभा, झोडणी उरकेपर्यंत. तोवर आवाज थांबला तर थांबला. नाहीतर गिरण उचलायची. बाबा संध्याकाळी कल्याणहून आले, बूट काढता काढता म्हणाले की मुरबाडला तुझ्या भावाची पडवी रिकामीच आहे, तिथे न्यावी. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकरी एका बाजूला जाड झाली. मुरबाड म्हणजे आईचं माहेर. तिथे जाऊन तिने भावाच्या पडवीत गिरण चालवायची म्हणजे ती गिरण भावाची होणार, हे मलाही कळत होतं. इथली जागा तिची आहे, तिने स्वतः घेतलेली. "आमी नाय जानार," ती म्हणाली, आणि मग बऱ्याच वेळाने, कोणी विचारलं नसताना, "जावं लागलं तर जाऊ." या दुसऱ्या वाक्याने मी रात्रभर कूस बदलत राहिले असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी ठार झोपले आणि सकाळी उठले तेव्हा माझं ठरलेलं होतं. गिरण हलणार नाही. कसं ते ठरायचं होतं.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. शाळेत मला भोंगा म्हणतात. आधी मला त्याचं फार वाईट वाटायचं. गिरणीत वाढलेलं पोर पट्ट्याच्या वरून बोलायला शिकतं, ते खालच्या पट्टीत येतच नाही. आठवीपर्यंत मी तोंडावर हात धरून बोलायची. या वर्षी पंधरा ऑगस्टला लाइट गेली, माइक मेला, पाहुणे घड्याळं बघायला लागले, तेव्हा मी स्टेजवर गेले आणि माझं भाषण तसंच म्हटलं. मैदानाच्या टोकाला, सायकलींपाशी उभ्या असलेल्या शिपाईकाकांना शब्दन्‌शब्द ऐकू गेला. त्या दिवसापासून मी तोंडावरचा हात काढला. आता मला कोणी भोंगा म्हटलं की मी म्हणते, "हो, काय काम आहे?" म्हणजे आवाज ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटायची थांबली होती, नेमकी तेव्हाच गुप्ते काकूंनी खिडकी लावली. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं होती ती खरी होती.

वाचनालयाच्या तासाला मी जुनी वर्तमानपत्रं उलटत होते आणि एका कोपऱ्यात बातमी होती: परदेशात शास्त्रज्ञांनी तांब्याच्या बारीक बारीक कड्यांची एक रचना केली, आणि तिच्या मधोमध ठेवलेल्या वस्तूला वळसा घालून लहरी पुढे गेल्या, ओढ्यातलं पाणी दगडाला वळसा घालून जातं तशा. डोळ्यांना दिसणारा प्रकाश नव्हे, सूक्ष्मलहरी, पण आज ना उद्या प्रकाशही, असं लिहिलं होतं. वर्गातल्या पोरांनी तेवढंच वाचलं असतं, गायब होण्याचं. मी खालचा परिच्छेद वाचला. त्यात होतं की अशीच गंमत आवाजाचीही होते. सारख्या अंतरावर नुसत्या दांड्या उभ्या केल्या, अनेक रांगांत, तर त्यांच्यातून वारा जातो, उजेड जातो, पलीकडचं दिसतं, पण एक ठरावीक सूर जात नाही. प्रत्येक रांग त्या सुराचा थोडा थोडा भाग मागे ढकलते, आणि सगळ्या रांगांचं ढकलणं एका तालात पडतं. दांड्या कशाच्या आहेत याला महत्त्व नाही, त्या कशा मांडल्यात याला आहे. मी हे वाक्य तीनदा वाचलं. मग इतक्या जोरात खुर्ची सरकवली की बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

भोईर सर आम्हाला विज्ञान शिकवतात, भिवंडीकडचे, रोज आसनगावपर्यंत लोकलने येतात. तरुण आहेत, रागावले की आधी स्वतःच हसतात. "हे प्रयोगशाळेतलं आहे, मनस्वी," ते म्हणाले.

"दांड्या प्रयोगशाळेतच उगवतात का सर?"

"तुझ्याकडे कुठल्या उगवतात?"

"डोळखांबला. कळकाच्या, बांबूच्या."

ते हसले. म्हणजे आता रागावणार. पण रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "सूर कोणता आहे ते सांग. सूर माहीत नसेल तर अंतर सांगता येत नाही." मी म्हटलं, थांबा, आणि डोळे मिटले. मला काकूंच्या स्वयंपाकघरातला ओटा आठवला, काळा दगड, त्यावर माझा तळवा, आणि दातांवरचा तो सूर. तेवढ्या उंचीवर माझा गळा जात नाही म्हणून मी तोच सूर एक सप्तक खाली गुणगुणले. सरांनी कपाटातून नादकाट्यांची पेटी काढली आणि एकेक नादकाटा रबरावर आपटून माझ्या कानाशी धरू लागले. हा नाही. हाही नाही. मग एक काटा असा आला की तो आणि मी एकमेकांत मिसळलो, माझ्या घशात आणि हवेत काही फरक राहिला नाही, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्यावर आकडा कोरलेला होता: चारशे सव्वीस. मी एक सप्तक खाली गायले होते म्हणून सरांनी त्याची दुप्पट केली, आवाजाच्या वेगाला त्या आकड्याने भागलं, आलेल्या लांबीचे दोन भाग केले आणि फळ्यावर लिहिलं: वीस सेंटिमीटर. मी हात फळ्यावर टेकवला, अंगठा आणि करंगळी ताणून. "वीत," मी म्हणाले. "एक वीत आहे सर." आकडा हातात मावला याचा मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी सगळ्यांना तेच सांगितलं.

सगळ्या म्हणजे गिरणीत येणाऱ्या बायका. हिरीमावशी, बारकीआजी, लहानी, डोळखांबकडच्या पाड्यांवरून जीपच्या टपावर भात टाकून येणाऱ्या. गिरण मुरबाडला गेली तर त्यांना दोन जीपा बदलाव्या लागणार. मी त्यांना गोणीवर उभी राहून समजावलं, लहरी, रांगा, सगळं. हिरीमावशीने तंबाखूची चिमूट ओठात ठेवली. "म्हंजे आवाजाला कुंपन?"

"कुंपण नाही. फटी राहणार. वारा जाणार."

"आनि आवाज नाय जानार."

"नाही."

"ही पोर वाया गेली गो गिरजे," ती आईला म्हणाली, आणि पुढच्या खेपेला टेम्पोभर कळक घेऊन आली. मनगटाहून जाड, हिरवे, एकेकाचे तीन तुकडे केले तरी गिरणीच्या छपरावर जातील असे. दुसऱ्या टेम्पोत बारकीआजी बसून आली. बायका एकमेकींच्या आवणीला, भाताची रोपं लावायला, जातात तशाच आल्या, न बोलावता, भाकरी बांधून. आणि लागल्या तशाच: ओळीने, प्रत्येकीने आपला आपला पट्टा घेतला, कमरेत वाकल्या, आणि मागे मागे सरकत, पहारीने भोक पाडत, वीत टेकवत, कळक रोवत गेल्या. भाताच्या रोपांच्या जागी कळक, चिखलाच्या जागी मुरूम, एवढाच फरक. बारकीआजीने आवणीचं गाणंही लावलं आणि आई, जिने गिरणीत आल्यापासून शेतात पाय टाकला नव्हता, ती पीठ झटकून वाकली आणि तिचा आवाज त्यांच्यात मिसळला. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला आई वाकलेली कधी माहीत नव्हती. तिची पाठ किती तरुण दिसत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या खिडकीसमोर कळकांचं एक दाट चौकोनी रान उभं होतं आणि त्यातून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी पलीकडे जात होतं. आईने बटण दाबलं. मी धावत जिना चढले, काकूंच्या दारात उभी राहिले, आणि तो होता. ईंऽऽऽ. किंचित कमी, जशी उशी कानावर धरली तर कमी होईल. पण होता.

काकू स्वयंपाकघरात जाऊन परत आल्या. त्यांनी मला लाडू दिला. तो लाडू मी जिन्यात खाल्ला आणि मला तो अजिबात गोड लागला नाही. खाली राघोभाऊ उभे होते. "काय गो, झालं का तुझं बांबूंचं? शोभा आली बाकी. लग्नाचा मांडव घालू इथं." हसणारे आणखी दोघंतिघं होते. मी म्हटलं, "अजून झालं नाही," आणि माझा आवाज गिरणीच्या पट्ट्यावरून, कळकांवरून, सोसायटीच्या गेटापर्यंत गेला. पण आतून मी झोळीतलं पोर झाले होते. आई रात्री जेवताना म्हणाली, "राहू दे गो. मुरबाडला बी शाळा हाय." मी ताटावरून उठले नाही. पूर्ण जेवले. उपाशी राहून कोणाचं डोकं चालत नाही.

ते चाललं प्रार्थनेच्या वेळी. आमच्या शाळेत रांगा लावताना हात पुढे करायचा, पुढच्याच्या खांद्याला बोटं टेकवायची, की झालं अंतर. मी वर्गाच्या रांगेत शेवटी उभी होते, उंचीमुळे. पीटीच्या बाई ओरडत होत्या की पाचवीची रांग कुठवर आलीय आणि नववीची कुठवर गेलीय, मुलं तेवढीच तर आहेत. आणि मी बघितलं. पाचवीच्या पोरांचे हात आखूड. आमचे लांब. प्रत्येकाने अगदी बरोबर एक हात अंतर घेतलं होतं, प्रत्येकाने स्वतःच्या हाताचं, आणि म्हणून मैदानावर एकही आडवी ओळ सरळ नव्हती. मी स्वतःचा हात बघितला, मग डोळ्यांपुढे हिरीमावशीचा आला, लहान, गुटगुटीत, आणि बारकीआजीचा, जो सुपाएवढा आहे, आणि लहानीचा, आणि आईचा. चार पट्टे. चार विती. सगळे प्रार्थना म्हणत होते आणि मी हसत होते, आणि बाईंनी मला रांगेतून बाहेर काढलं तेव्हाही मी हसतच होते.

बायकांना सांगणं मात्र सोपं नव्हतं. त्यांनी दोन दिवस कमरा मोडल्या होत्या. मी सरांच्या पट्टीवर मापून कळकाचा एक तुकडा कापून घेतला होता, बरोबर वीस सेंटिमीटरचा, आणि तो हातात धरून उभी होते. हिरीमावशीने तुकड्याकडे बघितलं. "काठी घेऊन कोन आवनी करतं?"

"मावशी, अंतर चुकलं."

"माझं? मी पोरीबाळींच्या आदीपासून आवनी करतेय. माझ्या हाताला खोट नाय."

"नाही खोट. हात दाखव. आजी, तुझा दाखव." मी त्यांचे तळवे एकमेकींवर ठेवले. बारकीआजीची बोटं हिरीमावशीच्या बोटांवरून पुढे आली, चांगली दोन पेरं. लहानी हसायला लागली. मी म्हटलं, "तुझ्या हाताने एक सूर अडला असता. हिच्या हाताने दुसरा अडला असता. दोन्ही हात बरोबर आहेत. पण पंखा एकच सूर गातो, त्याला सगळीकडे एकच वीत पाहिजे. भाताला चालतं, रोप कुठेही वाढतं. याला नाही चालत." हिरीमावशीने आपला तळवा उलटसुलट करून बघितला. मला वाटलं ती उठून जाईल, आणि ती गेली तर सगळ्या जातील. हंगाम संपत आला होता, गिरणीतल्या गोण्या अर्ध्यावर आल्या होत्या. मग ती म्हणाली, "म्हंजे सगळं उपटायचं?"

"सगळं."

"तू उपटनार का नुसती बोलनार?"

मी उपटलं. शाळेच्या आधी उपटलं, शाळेतून आल्यावर उपटलं, रविवारी दिवसभर. माझ्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. बाबांनी कामावरून आल्यावर बूट न काढताच पहार उचलली. मुरबाडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. हिरीमावशी आली, मग लहानी, आणि या वेळी काठी हातोहात फिरत राहिली. एक भोक, काठी आडवी. दुसरं भोक, काठी आडवी, मग उभी. गाणं लागलं नाही, कारण काठी घेऊन लय धरता येत नाही. मला त्याचं वाईट वाटलं. पण शेवटचा कळक रोवून मी एका टोकाला उभी राहिले आणि बघितलं, तर सरळ बघताना सगळ्या रांगा उघड्या होत्या, आणि थोडं सरकलं की तिरक्या रांगा उघडत होत्या, आणि आणखी सरकलं की आणखी तिरक्या. त्या रानात गल्ल्या होत्या, मी हलले की त्या हलत होत्या. मी कितीतरी वेळ डावीउजवीकडे डोलत राहिले. आईला वाटलं मला चक्कर येतेय.

चाचणीला राघोभाऊ आले, गुप्ते काका होते, काकू होत्या. आम्ही सगळे काकूंच्या स्वयंपाकघरात उभे, खिडकी उघडी; एव्हाना मला तो सूर उघड्या खिडकीतूनही ओळखू यायचा. खाली कळकांच्या पलीकडे हिरीमावशीचं लाल लुगडं तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. "आई, चालू कर," मी सांगितलं. मला माइक लागत नाही. पट्ट्याची धपधप सुरू झाली, ती आली. मग मी सुराची वाट बघायला लागले. शिंक येणार येणार असं वाटतं तशी. तो आला नाही. खाली कोंडा उडत होता, कळकांच्या गल्ल्यांतून पिवळा पिवळा वर येत होता, वारा त्याला आणत होता, आणि सूर मागेच राहिला होता. राघोभाऊंनी खिडकीबाहेर डोकं काढलं, आत घेतलं, पुन्हा काढलं. "आयला," ते म्हणाले. काका म्हणाले, "कमाल आहे. थांबला की." मला उडी मारायची होती. मी काकूंकडे बघितलं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, मान थोडी तिरकी.

"येतोय अजून," त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "अगं, नाही येत."

"येतोय."

मी पुन्हा ऐकलं. धपधप. कावळा. काहीच नाही. माझेच कान गिरणीचे, मला ऐकू येत नसेल? पण काकांनाही येत नव्हता, राघोभाऊंनाही. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणारं माणूस दुसऱ्याकडे बघतं, त्या कुठेच बघत नव्हत्या. मी खिडकीतून म्हटलं, "आई, बंद कर." पट्टा थांबला. सगळं थांबलं. मी लहानपणी ज्या शांततेच्या काठावर रडत उठायची तीच ती, पण या वेळी मी तिच्यात उभी होते, डोळे उघडे ठेवून. "आता, काकू?" मी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी हळू बोलले.

काकूंचा हात ओट्यावर सरकला, जणू दगडात कुठे तो सूर आहे का ते चाचपत होत्या. मग हात कानाकडे गेला आणि तिथेच थांबला. "आताही," त्या म्हणाल्या. राघोभाऊंनी टोपी काढली आणि घातली. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं की त्यांना रडू येईल, पण त्या सरळ राघोभाऊंकडे वळल्या. "गिरण राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिचा आवाज येत नाही. मी सह्या केलेल्यांना सांगते." राघोभाऊ "बरं बरं" म्हणत जिना उतरले, खाली जाऊन आईला काहीतरी ओरडून सांगितलं, आणि हिरीमावशीने खालून टाळी वाजवली. आम्ही जिंकलो होतो. मी मात्र तिथून हलले नाही. "डोंबिवलीला असताना यायचा का?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "तिथे खाली रस्ता होता. कळलं नसेल मला." मग म्हणाल्या, "इतके महिने मी तुमच्यावर रागावले होते. आता कोणावर रागावू?"

मी सरांना विचारलं की कानाच्या आत रांगा कशा लावायच्या. ते हसले नाहीत. म्हणाले, आत हवा नाही, लहरही नाही, नस स्वतःच गाते, तिथे दांड्या कुठे रोवणार? काकू कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, त्यांनीही सांगितलं की हा जाईल असं सांगता येत नाही. मी ऐकून घेतलं. पण ज्याची मांडणी करता येत नाही असं काही असतं हे मला अजून पटलेलं नाही. मी वाचतेय, दहावीनंतर आणखी वाचणार आहे, कुठे ते बघू, कल्याणला, पुढे लांब. राघोभाऊ आता येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून कळक दाखवतात आणि समजावतात, सगळं चुकीचं. मी दुरुस्त करत नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत राहिलेला भात घेऊन सगळ्या एकदम आल्या, गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती, आई, हिरीमावशी, लहानी, सगळ्यांच्या भुवया पिवळ्या, आणि मी भात ओतत होते, तेव्हा दारात गुप्ते काकू दिसल्या. हातात गव्हाचा डबा.

"गर्दी हाय," आई ओरडली. "ठेवून जावा, पोरीच्या हाती पाठवते."

काकूंनी डबा ठेवला. गेल्या नाहीत. त्या चक्की, सडायचं यंत्र, पट्टा, पंखा, सगळ्यांच्या मधोमध आल्या, जिथे बोललेलं स्वतःलाही ऐकू जात नाही, आणि उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे मी बघत होते. ते हळूहळू खाली आले. त्या काहीतरी बोलल्या.

"काय?" आई म्हणाली.

त्या पुन्हा बोलल्या.

"काय? मोठ्यानी बोला."

काकूंनी छाती भरून श्वास घेतला. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. आयुष्यात त्या कधी एवढ्या मोठ्याने बोलल्या नसतील, बायकांनी माना वळवून बघितलं. "इथे तो येत नाही," त्या ओरडल्या. "मी इथे थोडा वेळ बसू का?"

आईने कोण, काय, काही विचारलं नाही. पायाने एक गोण सरकवली.

"मग बसा की," ती म्हणाली. "हिरे, सरक गो."